स्टीफन्सनच्या आधी रुळांवर कोण होतं?

'रेल्वे इंजिनाचा शोध कोणी लावला?' हा प्रश्न वर्गात विचारला, की बहुतेक वेळा एका सुरात उत्तर येतं, 'जॉर्ज स्टीफन्सन!' सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि प्रश्नमंजूषांतही हेच उत्तर असतं, आणि ते देणाऱ्याला एक गुण मिळून जातो. पण १८०४ साली वेल्समध्ये एका वाफेच्या इंजिनानं रुळांवरून १० टन लोखंड ओढून नेलं, तेव्हा हा स्टीफन्सन इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, कोळशाच्या खाणीवर, इंजिनाचा ब्रेक सांभाळणारा बावीस वर्षांचा कामगार होता. त्यानं आपलं पहिलं इंजिन रुळांवर आणलं ते १८१४ मध्ये. मधल्या दहा वर्षांत निदान चार वेगवेगळ्या प्रकारची इंजिनं इंग्लंडच्या रुळांवर धावून गेली होती.

म्हणजे उत्तरातलं नाव बदलून दुसरं घातलं की झालं, असं वाटेल. पण खरी अडचण नावाची नाही, प्रश्नाची आहे. 'शोध कोणी लावला?' असं विचारताना आपण गृहीत धरतो, की शोध ही एका माणसानं एका दिवशी केलेली गोष्ट असते. रेल्वे इंजिनाच्या बाबतीत वाटेत चार मोठ्या अडचणी होत्या: चाकांवर मावेल इतकं छोटं आणि तरीही ताकदवान इंजिन कसं करायचं? त्याचा भार रूळ सोसतील का? गुळगुळीत लोखंडी रुळांवर गुळगुळीत लोखंडी चाकं घसरणार नाहीत का? आणि इंजिन धावत असताना वाफ पुरेल इतक्या वेगानं तयार कशी करायची? या अडचणी कोणी कशा सोडवल्या ते पाहिलं, तर विसरलेली माणसं आपोआप समोर येतात. शिवाय दाब, घर्षण आणि उष्णता हे आपल्या अभ्यासक्रमातले तीन धडे एका गोष्टीत गुंफले जातात.

वाफेचा जोर

अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेचं इंजिन म्हणजे जेम्स वॅटचं इंजिन. ते प्रामुख्यानं खाणीतलं पाणी उपसायला आणि कारखान्यातली यंत्रं फिरवायला वापरत. त्यातली वाफ साधारण हवेच्या दाबाइतक्याच दाबाची असे. दट्ट्याच्या एका बाजूला ही वाफ, तर दुसऱ्या बाजूची वाफ वेगळ्या भांड्यात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, नेऊन थंड करायची. वाफेचं पाणी झालं की तिथे जवळजवळ पोकळी होते. दोन्ही बाजूंच्या दाबात एका वातावरणाचा फरक पडतो आणि त्यावर दट्ट्या सरकतो. हा फरक तसा थोडाच, म्हणून भरपूर काम हवं तर दट्ट्या भला मोठा हवा. कंडेन्सरला थंड पाण्याचा सतत पुरवठा हवा. असं इंजिन बसवायला इमारतच बांधावी लागे. ते गाडीवर चढवणं शक्य नव्हतं.

वॅटच्याच कंपनीत काम करणाऱ्या विल्यम मर्डॉकनं १७८४ मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ इथे वाफेवर चालणाऱ्या गाडीचं लहानसं चालतं मॉडेल केलं होतं. पण मालकांना त्यात रस नव्हता. त्यांनी त्याला या नादातून परावृत्त केलं आणि काम तिथेच थांबलं.

याच रेडरुथजवळ १७७१ मध्ये रिचर्ड ट्रेव्हिथिकचा जन्म झाला. सहा फुटांहून उंच, अंगात विलक्षण ताकद, शाळेत मात्र मास्तरांच्या मते हट्टी, मंद आणि सतत गैरहजर राहणारा मुलगा. तो वाढला खाणींमध्ये, इंजिनांच्या सहवासात. त्याच्या डोक्यात एक साधी कल्पना आली. वाफ जोरदार दाबाची वापरली आणि काम झाल्यावर ती थंड न करता सरळ हवेत सोडून दिली, तर कंडेन्सरच नको! पण असं केल्यानं किती ताकद वाया जाईल?

गणित त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून त्यानं हा प्रश्न डेव्हिस गिडी या विद्वान मित्राला विचारला. गिडीचं उत्तर कोणत्याही शिक्षकानं फळ्यावर मांडावं असं आहे. कंडेन्सर नसेल तर दट्ट्याच्या मागच्या बाजूला बाहेरच्या हवेचा दाब, म्हणजे एक वातावरण, उलटा ढकलत राहणार. नुकसान तेवढंच, एका वातावरणाचं. वाफेचा दाब कितीही असला तरी ते तेवढंच राहणार. आता हिशेब करू. वाफ एकाच वातावरणाची असेल, तर १ वजा १, हाती शून्य. दोन वातावरणांची असेल, तर २ वजा १, निम्मी ताकद गेली. चार वातावरणांची असेल, तर ४ वजा १, म्हणजे ३. नुकसान फक्त पाव. शिवाय वॅटच्या इंजिनाच्या तिप्पट जोर त्याच आकाराच्या दट्ट्यावर! दाब वाढवावा तसं नुकसानीचं प्रमाण घटत जातं आणि इंजिन आकारानं लहान होत जातं. हे ऐकून ट्रेव्हिथिकला जेवढा आनंद झाला, तेवढा आनंद झालेला माणूस आपण पाहिला नाही, असं गिडीनं पुढे लिहून ठेवलं.

१८०१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ट्रेव्हिथिकनं कॅम्बोर्न गावाच्या रस्त्यावर वाफेची गाडी चढणीवरून चालवून दाखवली. सात-आठ जण उड्या मारून तिच्यावर चढले होते. काही दिवसांनी ती बिघडली, तेव्हा मंडळी ती आडोशाला ठेवून खानावळीत जेवायला गेली. बॉयलरखालचा जाळ विझवायला कोणालाच सुचलं नाही. पाणी आटलं आणि गाडी जळून गेली.

जोरदार वाफेला धोकाही होता. १८०३ मध्ये ग्रीनिच इथे त्याच्या एका इंजिनाचा बॉयलर फुटून काही कामगार मरण पावले. राखणीवरचा मुलगा मासे धरायला गेला होता आणि दुसऱ्या कामगारानं झडप मोकळी न करताच इंजिन थांबवलं होतं. वॅटच्या गोटाला टीकेची आयती संधी मिळाली. ट्रेव्हिथिकनं यावर दोन उपाय केले. एकाऐवजी दोन सुरक्षा झडपा बसवल्या, आणि बॉयलरच्या पत्र्यात शिशाची गुडदी बसवली. पाणी त्या पातळीखाली गेलं की शिसं वितळतं, भोक पडतं आणि वाफ निघून जाते. आपल्या घरच्या प्रेशर कुकरच्या झाकणावर शिट्टीखेरीज जी छोटी सुरक्षा झडप असते, तिचं तत्त्व नेमकं हेच. कुकरमधलं पाणी आटलं आणि तापमान भलतंच वाढलं, की तिच्यातला मिश्रधातू वितळतो. झडप उडाली म्हणून आपण चरफडतो, पण तिनं तिचं काम केलेलं असतं.

गाडी धावली, रूळ मोडले

वेल्समध्ये पेनिडॅरन इथे सॅम्युएल होम्फ्रे याचा लोखंडाचा कारखाना होता. तिथून कालव्यापर्यंत घोड्यांच्या गाड्यांसाठी लोखंडी रूळ टाकलेले होते. त्यावरून वाफेचं इंजिन १० टन लोखंड ओढून नेईल, अशी ५०० गिनींची पैज होम्फ्रेनं शेजारच्या कारखानदाराशी लावली. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी ट्रेव्हिथिकचं इंजिन पाच वाघिणींतून १० टन लोखंड आणि त्यावर चढून बसलेली ७० माणसं घेऊन निघालं. वाटेतली झाडं तोडत, दगड बाजूला काढत पावणेदहा मैलांचं अंतर ४ तास ५ मिनिटांत कापलं गेलं. रुळांवरून वाफेच्या इंजिनानं ओझं ओढून नेल्याची ही पहिली नोंद.

पैज जिंकली, पण रूळ हरले. ते होते ओतीव लोखंडाचे, जेमतेम तीन-चार फुटांचे तुकडे. ओतीव लोखंड दाब सोसतं, पण वाकवू गेलं तर ठिसूळपणानं तुटतं. सुमारे पाच टनांच्या इंजिनाखाली ते पटापट मोडू लागले. थोड्याच फेऱ्यांनंतर इंजिन रुळांवरून उतरवून एका जागी कामाला लावलं गेलं. १८०५ मध्ये न्यूकॅसलजवळच्या वायलम खाणीसाठी त्याच्या आराखड्यावरून इंजिन बांधलं गेलं, पण तिथले रूळ तर लाकडी. ते इंजिन खाणीनं घेतलंच नाही. १८०८ मध्ये लंडनमध्ये त्यानं गोलाकार रुळांवर गाडी फिरवून दाखवली, एक शिलिंग तिकीट लावून. तिथेही रूळ मोडला आणि खेळ बंद पडला. यानंतर ट्रेव्हिथिक रेल्वेकडे पुन्हा वळला नाही. इंजिन तयार होतं, पण ते पेलणारा रस्ताच तयार नव्हता.

चाकं घसरतील का?

त्यानंतर काही वर्षं सामसूम होती. मग नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे घोडे आणि त्यांचा चारा प्रचंड महाग झाला, आणि खाणमालकांना वाफेची पुन्हा आठवण झाली. पण आता ते इकडे आड तिकडे विहीर अशा पेचात होते. इंजिन जड केलं तर रूळ मोडतात. हलकं केलं तर चाकांची रुळांवरची पकड कमी पडते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. कारण घर्षणबल हे वजनाच्या प्रमाणात असतं.

लीड्सजवळच्या मिडलटन खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेन्किन्सॉप यानं यातून आडवाट काढली. रुळाच्या कडेला दाते पाडायचे आणि इंजिनाला दातेरी चाक लावायचं. आता पकड वजनावर अवलंबून राहत नाही, म्हणून इंजिन हलकं चालतं. इंजिन बांधलं मॅथ्यू मरे या कुशल यंत्रकारानं, आणि त्यानं आणखी एक महत्त्वाची सुधारणा केली. ट्रेव्हिथिकच्या इंजिनाला एकच सिलिंडर होता. दट्ट्या अगदी टोकाला असताना तो चाक फिरवू शकत नाही. पायानं चालवायचं शिलाई मशीन ज्यांनी वापरलं आहे त्यांना हे ठाऊक आहे. नेमक्या त्या जागी चाक थांबलं, तर हातानं ढकलल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मरेनं दोन सिलिंडर बसवले आणि त्यांचे दांडे एकमेकांशी काटकोनात जोडले. एक दट्ट्या टोकाला अडकलेला असतो, तेव्हा दुसरा ऐन जोरात असतो. मोठ्या जड गतिचक्राची गरजच संपली. ऑगस्ट १८१२ मध्ये सुरू झालेली मिडलटनची इंजिनं वर्षानुवर्षं कोळसा ओढत राहिली. व्यवहारात नफ्यात चाललेली ही पहिली वाफेची रेल्वे.

विल्यम ब्रंटन याची तऱ्हा याहून न्यारी. त्यानं इंजिनाला मागच्या बाजूनं चक्क दोन लोखंडी पाय बसवले, जमिनीला रेटा देत गाडी पुढे ढकलणारे! १८१५ मध्ये या यंत्राचा बॉयलर फुटला आणि बघायला जमलेल्यांपैकी अनेक जण दगावले. या कल्पनेला आज हसू येतं. पण गुळगुळीत चाकं घसरणारच, ही समजूत किती खोल रुजली होती, ते तिच्यावरून कळतं.

ही समजूत प्रयोगानं मोडून काढली ती वायलम खाणीच्या विल्यम हेडली या देखरेख करणाऱ्या माणसानं. त्यानं एक गाडा तयार केला. त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी हातानं दांडे फिरवायचे की दात्यांच्या चक्रांमधून गाड्याची चाकं फिरत. मागे कोळशाच्या वाघिणी जोडलेल्या. गाड्यावर कमीजास्त वजन ठेवायचं आणि किती वाघिणी जोडल्यावर चाकं घसरू लागतात ते मोजायचं. असं वजन बदलत, नोंदी करत त्यानं दाखवून दिलं, की पुरेसं वजन असेल तर गुळगुळीत चाकं गुळगुळीत रुळांवर उत्तम पकड घेतात. ट्रेव्हिथिकच्या गाडीनं हे नऊ वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, पण त्याच्यावर विश्वास बसायला मोजमाप लागलं.

आपणही हिशेब करू. कोरड्या लोखंडावर लोखंडाचं घर्षण वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा धरू. पाच टनांचं इंजिन, सगळी चाकं फिरवणारी, तर पकड एक टनाची. सपाट रुळांवर वाघीण हलती ठेवायला तिच्या वजनाच्या सुमारे शंभरावा हिस्सा ओढ पुरते असं धरलं, तर पाच टनांचं इंजिन स्वतःसकट १०० टन ओढेल! आता चढण घ्या. दर ५० फुटांना एक फूट चढ असेल, तर ओढीत आणखी दोन टक्क्यांची भर पडते. एकूण तीन टक्के, म्हणून भार घसरला ३३ टनांवर. दर १२ फुटांना एक फूट चढ असेल, तर इंजिनासकट जेमतेम ११ टन. म्हणून ब्लेन्किन्सॉपचे दाते सपाट मुलखात अनावश्यक ठरले, तरी डोंगरात कामाला आले. निलगिरीच्या गाडीत मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढताना रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी दिसते. तिथला चढ जवळपास एवढाच तीव्र आहे.

हेडलीनं १८१३-१४ च्या सुमारास 'पफिंग बिली' हे इंजिन बांधलं. त्याच्या हाताखाली टिमथी हॅकवर्थ नावाचा लोहार होता. या इंजिनाखालीही रूळ मोडू लागले, तेव्हा चाराची आठ चाकं करून भार वाटून दिला गेला. ते १८६२ पर्यंत काम करत होतं. आज ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. शाबूत राहिलेलं जगातलं हे सर्वांत जुनं रेल्वे इंजिन.

वाफ पुरेल का?

स्टॉक्टन ते डार्लिंग्टन ही रेल्वे १८२५ मध्ये सुरू झाली. तिथली सुरुवातीची इंजिनं वाफेला कमी पडत. चढण आली किंवा ओझं वाढलं की दम लागे. इंजिनांची देखभाल करायला तिथे आला तोच वायलमचा लोहार, हॅकवर्थ. १८२७ मध्ये त्यानं 'रॉयल जॉर्ज' हे सहा जोडचाकांचं इंजिन बांधलं. त्यात काम करून आलेली वाफ धुराड्याच्या मधोमध, निमुळत्या तोंडातून, वरच्या दिशेनं जोरात सोडली होती. हा झोत वर जाताना आपल्याबरोबर धूर ओढून नेतो, म्हणून भट्टीत खालून ताजी हवा खेचली जाते आणि जाळ भडकतो. यातली गंमत अशी, की इंजिनावर जितकं काम पडेल, तितकी वाफ जोरात बाहेर पडते आणि जाळही तितकाच वाढतो. भाता मारायला वेगळा माणूस नको! टाकाऊ वाफ धुराड्यात सोडली की जाळ चांगला लागतो, हे ट्रेव्हिथिकनंही १८०४ च्या पत्रात नोंदवलं होतं. या युक्तीचं श्रेय कोणाला, यावर पुढे बरेच वाद झाले. तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला तो हॅकवर्थनं.

वाफ लवकर करायची तर नुसता जाळ वाढवून भागत नाही. ती उष्णता पाण्यात उतरायलाही हवी. आधीच्या बॉयलरमधून जाळाची एक किंवा दोन मोठी नळकांडी जात. त्याऐवजी पुष्कळ बारीक नळ्या घालाव्यात, ही कल्पना इंग्लंडमध्ये मांडली हेन्री बूथनं, आणि हा माणूस यंत्रकार नव्हे, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा चिटणीस होता! त्याच सुमारास फ्रान्समध्ये मार्क सेगँ यानं स्वतंत्रपणे तेच केलं. तीन इंचांच्या २५ नळ्यांच्या छेदाचं एकूण क्षेत्रफळ १५ इंचांच्या एका नळीइतकंच असतं. पण तापणारा पृष्ठभाग? तो पाचपट होतो. बटाटा अख्खा शिजायला वेळ लागतो आणि फोडी केल्या की चटकन शिजतात, त्यातलंच हे तत्त्व.

ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल इथे ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी इंजिनांची चाचणी झाली. हॅकवर्थचं इंजिन मध्येच बंद पडलं. जिंकलं ते 'रॉकेट', जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन याच्या कारखान्यात बांधलेलं. त्यात तांब्याच्या २५ नळ्या होत्या, धुराड्यात वाफेचा झोत होता, काटकोनात जोडलेले दोन सिलिंडर होते, गुळगुळीत चाकं होती, आणि अर्थातच जोरदार दाबाची वाफ होती.

मग स्टीफन्सनचं श्रेय काय?

ते मोठंच आहे. मिडलटन पद्धतीची आणि वायलमची इंजिनं त्यानं जवळून पाहिली होती. त्यानं ओळखलं, की इंजिन, रूळ आणि रस्त्याची चढण या तीन गोष्टींचा विचार एकत्रच करायला हवा. त्याच्या स्वतःच्या नावावर ओतीव रुळांचं भागीदारीतलं पेटंट होतं. तरीही जॉन बर्किन्शॉनं १८२० मध्ये घडीव लोखंडाचे लांब, न तुटणारे रूळ तयार केले, तेव्हा स्टॉक्टन-डार्लिंग्टनसाठी त्यानं तेच सुचवले. स्वतःचं नुकसान झालं आणि भागीदाराशी वितुष्टही आलं. ट्रेव्हिथिकच्या गाडीला जो रस्ता मिळाला नव्हता, तो अशा रीतीनं तयार झाला. १८५३ मध्ये १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला गाडी निघाली, तेव्हा या मार्गाचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा रॉबर्ट स्टीफन्सनच्याच हाताखाली शिकलेला होता.

पण एकाचं नाव उरलं आणि बाकीची पुसट का झाली? स्टीफन्सन पिता-पुत्रांचा कारखाना होता, रेल्वे कंपन्या होत्या, शिष्य होते. १८५७ मध्ये सॅम्युएल स्माइल्सनं लिहिलेलं जॉर्जचं चरित्र घरोघर वाचलं गेलं. हलाखीतून वर आलेल्या कष्टाळू माणसाची ती गोष्ट लोकांना भावली. मरे, हेडली, हॅकवर्थ आपापल्या गावात राहिले. ट्रेव्हिथिक १८१६ मध्ये पेरू देशातल्या चांदीच्या खाणींवर गेला, तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात सगळं गमावून बसला. परतीच्या वाटेवर कार्ताहेना बंदरात त्याची रॉबर्ट स्टीफन्सनशी गाठ पडली. घरी पोचण्यासाठी ५० पौंड दिले ते रॉबर्टनं. १८२८ मध्ये त्यानं संसदेकडे आपल्या कामाचा मोबदला मागितला. तो मिळाला नाही. जोरदार दाबाचं इंजिन आणल्याबद्दल मला फाशी द्यायला हवं असं वॅट म्हणाला होता, हे त्यानं उतारवयातल्या पत्रात लिहिलं आहे. १८३३ मध्ये डार्टफर्ड इथल्या खानावळीत तो वारला, तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च तिथल्या कारखान्यातल्या सोबत्यांनी केला. थडग्यावर नावही नव्हतं.

मुलांना यातून 'स्टीफन्सनचं नाव खोडा' असं सांगायचं नाही. प्रश्न बदलून विचारायचा, 'रेल्वे इंजिनातली कोणती अडचण कोणी सोडवली?' याला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि तोच त्याचा फायदा. शाळेत हट्टी ठरलेला मुलगा, खाणीवरचा देखरेख्या, लोहार, कंपनीचा चिटणीस अशी माणसं मग त्या उत्तरात येतात.

वर्गात करून बघा

१. लाकडाच्या ठोकळ्याला ताणकाटा अडकवून टेबलावर सावकाश ओढा. ठोकळ्यावर एकेक वजन वाढवत जा आणि ओढ किती लागते ते लिहा. वजन आणि ओढ यांचा आलेख काढा. हेडलीनं गाड्यावर जे मोजलं त्याचंच हे लहान रूप.

२. पुठ्ठ्याची दोन-अडीच इंच रुंदीची उभी नळी घ्या. खालच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. आता नळीच्या वरच्या भागात, मधोमध, वाकवलेल्या स्ट्रॉनं वरच्या दिशेनं फुंका. उदबत्तीचा धूर कुठे जातो? फुंकणं थांबवल्यावर काय होतं? हॅकवर्थच्या धुराड्यात हेच घडत होतं.

३. १५ इंच व्यासाच्या एका नळीचा परीघ आणि ३ इंच व्यासाच्या २५ नळ्यांच्या परिघांची बेरीज मुलांना काढायला सांगा. मग विचारा: ३ इंचांऐवजी दीड इंचाच्या नळ्या घेतल्या, तर छेदाचं क्षेत्रफळ तेवढंच ठेवायला किती नळ्या लागतील, आणि तापणारा पृष्ठभाग किती वाढेल? नळ्या आणखी बारीक करत गेलं तर कोणती नवी अडचण येईल, याचीही चर्चा होऊ द्या.